बाई, तुम्ही बसा की!

मोठ्या बाईंनी कपाट उघडलं तशी वरच्या फळीवरून एक शाल घरंगळत माझ्या पायावर पडली. उचलायला वाकले तोवर दुसरी पडली.

"राहू दे गं. त्या रोजच पडतात," बाई म्हणाल्या.

आत शालीवर शाल रचलेली. बहुतेक अजून पिशवीतूनही न काढलेल्या. मी बोटानं मोजल्या, एकोणतीस भरल्या. खालच्या फळीवर स्मृतिचिन्हं, शिवाजी महाराजांचे दोन अर्धपुतळे आणि तीन घड्याळं. तिन्ही बंद.

"नारळ तेवढे संपतात. त्याच्या वड्या होतात," असं म्हणून बाईंनी दोन्ही शाली परत कोंबल्या आणि दार गुडघ्यानं ढकलून लावलं.

मी गेले होते शिक्षकांची यादी आणायला. शिक्षक दिनाच्या सत्काराला किती शाली घ्यायच्या ते कळावं म्हणून.

मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका नव्हेत, तिसरीच्या बाई. नोकरी पस्तीस वर्षांची. येत्या मे महिन्यात निवृत्त व्हायच्या आहेत. माझ्या नवऱ्याला त्यांनी तिसरीत शिकवलंय आणि आता आमचा चिरंजीव त्यांच्याच वर्गात आहे, त्यामुळे आमच्या घरातल्या दोन पिढ्यांचं अक्षर कसं बिघडलं ते त्यांना पाठ आहे. मी यादी कशाला हवी ते सांगेना, "सरप्राईज आहे बाई" म्हणत राहिले, तेव्हा त्या हसल्या. "अगं, दर वर्षी शालच असते. त्यात सरप्राईज कसलं?"

मग मी सरळच विचारलं. तुम्हाला काय आवडेल?

बाई थोडा वेळ गप्प. मग म्हणाल्या, "मला एकदा शाळेत बसून गरम जेवायचंय."

मला वाटलं चेष्टा करतायत. पण त्यांनी हिशेब सांगितला. मधली सुट्टी पस्तीस मिनिटांची. त्यातली पंधरा-वीस मिनिटं पोषण आहाराच्या रांगेत जातात. कुणाला मिळालं, कुणी सांडलं, कुणाचं ताट कुणी पळवलं. मग किती ताटं झाली त्याची मोबाईलवर नोंद. मग डबा उघडायचा. तोंडात घास आणि दारात पोरगं, "बाई, ह्यानं मला मारलं." पस्तीस वर्षांत शाळेच्या आवारात गरम घास पोटात गेला नाही, असं त्या म्हणाल्या, आणि त्यात तक्रारीचा सूर नव्हता. मला तेच जास्त लागलं.

आता थोडं मागं जाते. सुरुवात ऑगस्टमध्ये झाली होती. पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं, "५ सप्टेंबरला सर-बाईंसाठी कायतरी करूया की." त्रेचाळीस जणांनी अंगठा दाखवला. बैठकीला सात आलो.

बैठक कोल्हापुरात गंगावेशला, दूध कट्ट्यावर. दिवसा प्रत्येकाला काम, आणि रात्री आठ वाजता समोर म्हशीची धार काढून दिलेला ग्लास असला की माणसं वेळेवर येतात. शिवाजी पेठेतली आमची शाळा, त्यामुळे सातांत एक तालमीतले भाऊ असणारच. उंच, पैलवानी खांदे, मुलगी चौथीत. त्यांनी दुधाचा ग्लास एका दमात संपवला, मिशी पुसली आणि सांगितलं, "वैनी, नाद खुळा करूया. गेटपास्नं हॉलपर्यंत ढोल-ताशा, सगळ्या शिक्षकांना फेटे, वरनं पाकळ्या. जाळ अन् धूर संगटच."

सगळ्यांना पटलं. मलाही. मी उद्यमनगरात एका वर्कशॉपचे हिशेब बघते, म्हणून पैशाचं काम माझ्याकडे आलं.

पण आधी तारीख. ५ सप्टेंबर हा डॉ. राधाकृष्णन यांचा जन्मदिवस, १९६२ पासून तो शिक्षक दिन म्हणून पाळतात, हे आपण पोरांच्या भाषणांत दर वर्षी ऐकतो. २०२५ मध्ये मात्र ५ सप्टेंबरला ईदची सुट्टी, आणि दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जनाच्या आदल्या दिवशी कोल्हापुरात, तेही शिवाजी पेठेत, शिक्षकांचा कार्यक्रम! तालमीचे भाऊच नसते आले. गणपती संपले की रविवारी ग्रहण, सोमवारपासून पितृपंधरवडा. त्यात सत्कार नको म्हणून दोन आया अडून बसल्या. मी म्हटलं, गुरू काय पितरांपेक्षा कमी आहेत का, पण माझं कुणी ऐकलं नाही. २२ सप्टेंबरला घटस्थापना. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्या गर्दीनं गावातले रस्ते बंद, निम्म्या बायकांना उपवास. २ ऑक्टोबरला दसरा. त्यानंतरच्या आठवड्यात सत्र परीक्षा आणि मग दिवाळी.

उरला शनिवार, ४ ऑक्टोबर. दुसऱ्या दिवशी, ५ ऑक्टोबरला, जागतिक शिक्षक दिन असतो हे एका वडिलांनी मोबाईलवर शोधून काढलं, तेव्हा आम्हाला हायसं वाटलं. आपण उशीर केला नाही, उलट एक दिवस आधीच आलो!

मोठ्या बाईंकडून परत आले त्या रात्री मी ग्रुपवर कपाटाची हकीकत लिहिली. बाईंचं नाव न घेता. ढोल-ताशा नको, फेटे नकोत, भाषण नको, शाल तर नकोच. शिक्षकांना गरम जेवण वाढायचं, आणि तेवढा वेळ एकाही पोराला त्यांच्याजवळ फिरकू द्यायचं नाही. एवढंच.

पाऊण तास कुणी काही लिहिलं नाही. मग तालमीच्या भाऊंनी लिहिलं, "मग मटण."

इथं पहिला घोळ झाला. शनिवार. कोल्हापुरात पाहुण्याला तांबडा-पांढरा न वाढता पाठवणं म्हणजे न जेवताच पाठवल्यासारखं. पण शिक्षकांपैकी कितीजण शनिवार पाळतात ते मी एका सरांकडून हळूच काढून घेतलं. चौदा शिक्षक, दोन शिपाई मामा, एक सेविका मावशी, पोषण आहार शिजवणाऱ्या दोन मावश्या, असे एकूण एकोणीस. त्यातले बारा शनिवारी शिवत नाहीत. एका ताईंनी तोडगा काढला, शाकाहारी पांढरा रस्सा करू, नारळाचं दूध, काजू, खसखस घालून. भाऊ खरोखर चिडले. "बोकडाशिवाय पांढरा रस्सा? वैनी, आमास्नी खुळ्यात काढू नका."

शेवटी ठरलं ते असं: ज्वारीची भाकरी, भरली वांगी, झुणका, खर्डा, मसालेभात, मठ्ठा, जिलेबी. भाकरी म्हटल्यावर भाऊही विरघळले.

वर्गणी प्रत्येकी शंभर रुपये, तीही ज्याची इच्छा असेल त्यानंच. शाळेत दोनशे चाळीस मुलं आहेत. महिन्याभरात एकशे एकतीस पालकांनी दिले, १३,१०० रुपये जमले. मी दर रविवारी ग्रुपवर आठवण टाकायची आणि दर रविवारी ग्रुप शांत व्हायचा. एका आजोबांनी सुचवलं की शाहू महाराजांसारखा दंड लावा. १९१७ साली महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हा पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. "आता पोरं शाळंत आहेत, पालक गैरहजर आहेत," आजोबांनी लिहिलं. त्या दिवशी अकराजणांनी पैसे पाठवले.

पैशाचा दुसरा रस्ता आपण होऊन चालत आला. महापालिकेच्या सभागृहाची मुदत २०२० मध्येच संपलेली, पाच वर्षं प्रशासक, आणि निवडणूक आता लागणार, मग लागणार, असं चाललेलं. त्यामुळे प्रत्येक गल्लीत दोन-तीन इच्छुक तयार. त्यातले एक माझ्याकडे घरी आले. नमस्कार केला, चहा घेतला, पोराला चॉकलेट दिलं. "वैनी, खर्चाचं तुम्ही बघूच नका. सगळं माझ्याकडं लागलं. फकस्त गेटवर एक फ्लेक्स." मोबाईलवर नमुनाही होता. दहा बाय आठचा, त्यात ते स्वतः हात जोडून कमरेपासून वर, आणि खाली शिक्षकांचे फोटो, पोस्टाच्या तिकिटाएवढे.

खरं सांगते, एक रात्र मी विचार केला. तेव्हा वर्गणी चार हजारांवरच अडकली होती. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, "शाळेच्या आवारात नाही. आवाराबाहेर मला विचारायची गरज नाही." इच्छुकांनी दुसरं वाक्य तेवढं ऐकलं. चौकात फ्लेक्स लागला, शिक्षक दिनाच्या हार्दिक शुभेच्छा, आणि आमच्या कार्यक्रमाच्या दिवशीही तो ५ सप्टेंबरची तारीख मिरवत तिथंच होता.

भेटवस्तूवरून आणखी दोन संध्याकाळी गेल्या. कोल्हापुरी चप्पल द्यावी असं एका वडिलांचं म्हणणं. जूनमध्ये इटलीतल्या प्राडा या फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये तसलीच चप्पल दाखवल्यापासून गावातला प्रत्येक माणूस चपलेबद्दल हळवा झाला होता. जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, २०१९ मध्ये आपल्याला मिळालंय, मग आपणच का देऊ नये, वगैरे. पण गुरूला चप्पल कशी द्यायची? आणि एकोणीस पायांची मापं कशी घ्यायची? स्टाफरूमबाहेर चपला निघतात तेव्हा दोऱ्यानं मापून घेऊ, अशीही सूचना आली. मी ती बैठक मोडली.

शेवटी मी पुन्हा बाईंनाच विचारलं. स्टाफरूममध्ये काय नाही? पंखा आहे पण फिरत नाही, तो फक्त आवाज करतो, असं उत्तर आलं. आणि चहासाठी शिपाई मामांना रोज रस्ता ओलांडून जावं लागतं. पंखा आणि विजेची किटली. प्रश्न मिटला.

मुलांकडून काय, हा मात्र मला खरा महत्त्वाचा भाग वाटत होता. "बाई तुम्ही खूप छान शिकवता" असली भेटकार्डं घरोघरी आयाच बनवतात. आम्ही वर्गावर्गांत कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या आणि सांगितलं, कौतुक करायचं नाही, सरांनी किंवा बाईंनी केलेली एक गोष्ट लिहायची, जी तुला आठवते. नाव घातलं तरी चालेल, नाही घातलं तरी.

चिठ्ठ्या घरी आणून जमिनीवर पसरल्या तेव्हा लक्षात आलं की मोठ्या बाईंना एक्कावन्न आहेत, पीटीच्या सरांना चाळीस, आणि गणिताच्या एका सरांना एकही नाही. लेखनिकाचं काम सांभाळणाऱ्या सरांनाही नाही. मावश्यांना मिळून तीन. ही चूक आमचीच होती. मुलं आवडत्या माणसाबद्दलच लिहिणार. मग पाचवी ते सातवीच्या हजेरी क्रमांकांप्रमाणे माणसं वाटून दिली, आणि पुन्हा लिहून घेतलं. गणिताच्या सरांच्या वाट्याला आलेल्या एकानं लिहिलं, "सर खडू फेकून मारत नाहीत, हातात देतात आणि म्हणतात तूच सोडव." मला वाटतं, आपणहून आलेल्या चिठ्ठ्यांत एवढी चांगली एकही नव्हती.

आता गरम भाकरीचं गणित. बचत गटाकडून भाकऱ्या आणायच्या तर त्या थंडच येणार. मग मूळ मुद्दाच गेला. बैठकीत शांतपणे बसलेल्या एक ताई म्हणाल्या, "मी करतो की भाकरी. घरात रोज वीस होत्यात." (आमच्याकडे बायकाही करतो, जातो म्हणतात. मी लिहिताना 'गेले' लिहिते, बोलताना 'गेलो'च म्हणते.) एका तव्यावर भाकरीला दोन-अडीच मिनिटं. एकोणीस पानं एकदम बसली तर एक तवा पुरणार नाही. चार तवे, चार बायका, म्हणजे दहा मिनिटांत सोळा-सतरा. प्रत्येकाला आधी अर्धीच वाढायची, ती संपेतो दुसरी अर्धी हजर. नऊ किलो पीठ दळून आणलं. पोषण आहाराच्या खोलीत दोन शेगड्या, घरून आणखी दोन. भांडी तालमीची, ती मात्र फुकट, फक्त घासून द्यायच्या अटीवर.

शनिवारी पहाटे मी आणि नवरा लक्ष्मीपुरीत. देठाला काटे असलेली लहान वांगी चार किलो, कोथिंबीर, आलं. सात वाजता शाळेत. झुणक्याचा आणि वांग्याच्या मसाल्याचा वास आठपर्यंत सगळ्या वर्गांत पोचला आणि कुणाचं अभ्यासात लक्ष राहिलं नाही, असं नंतर कळलं. कांदा-लसूण मसाला, ज्याला आम्ही नुसतं चटणी म्हणतो, तो तेलात पडल्यावर दुसरं काय होणार.

शनिवारची शाळा साडेअकराला सुटते. पण शिक्षक हात-पाय धुऊन, बसून, वेळेत जेवायचे तर त्यांना थोडं आधी मोकळं करायला हवं. म्हणून शेवटचा तास पालकांनी घ्यायचा ठरलं होतं. मुख्याध्यापक आधी नाही म्हणाले, मग व्हरांड्यात स्वतः उभे राहीन या अटीवर हो म्हणाले. मला तिसरी मिळाली. आमच्या चिरंजीवाचाच वर्ग. अडतीस मुलं.

मी गोष्ट तयार करून गेले होते. पहिली चार मिनिटं झकास. मग मागच्या बाकावरून एक करंगळी वर आली. तिला जाऊ दिलं. लगेच सात करंगळ्या. "बाई, ह्यानं माझा रबर घेतला." मी बाई कधी झाले, ते मला कळलंही नाही. "बाई, ही माझ्याकडं बघती." "बाई, गोष्टीतला राजा मेला का?" तो मेला नव्हता, पण पुढचं मी विसरले. एकाचा दात हलत होता, तो त्यानं मला दाखवायला बाहेर ओढला आणि तो निघाला. रक्त. चिरंजीव बाकाखाली डोकं घालून बसलेला, ही बाई आपली कुणी नाही असा चेहरा. वर्कशॉपमध्ये पन्नास माणसांचा पगार मी दर महिन्याला एका दुपारी काढते. त्या दिवशी पस्तीस मिनिटांनी घंटा झाली तेव्हा माझा आवाज बसला होता, आणि व्हरांड्यात हात मागे बांधून उभे असलेले मुख्याध्यापक काही न बोलता खिडकीतून बाहेर बघत होते. हसू लपवत होते, हे मला खात्रीनं सांगता येईल.

दात मी कागदात गुंडाळून त्याच्या खिशात घातला. मोठ्या बाई असंच करतात, हे मला चिठ्ठ्यांतून माहीत झालं होतं.

मुलं गेली, फाटक लागलं. शिपाई मामा सवयीनं कुलपाची किल्ली घेऊन उभे राहिले, त्यांच्या हातातून ती काढून घ्यावी लागली. "मामा, आज तुम्ही पाहुणं."

हॉलमध्ये सातवीच्या वर्गातली बाकं ओळीनं लावलेली. तालमीच्या भाऊंना जमिनीवर पंगत हवी होती, पण चाळिशी-पन्नाशीतल्या गुडघ्यांचा विचार करून बाकांवर आलो. पत्रावळ्या, पाण्याचे पेले, एकेक चाफ्याचं फूल. फळ्यावर मी सकाळी मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, "सर्व गुरूजनांचे स्वागत".

शिक्षक आले आणि एकही बसेना.

हे आम्ही धरलंच नव्हतं. एका सरांनी आल्या-आल्या बाकाची ओळ सरळ केली. दुसऱ्या बाईंनी पेले मोजले, एक कमी होता, तो आणायला निघाल्या. पोषण आहाराच्या दोघी मावश्या हॉलमध्ये आल्याच नाहीत, त्या थेट स्वयंपाकाच्या खोलीत जाऊन झुणक्यात मीठ कमी आहे म्हणून सांगू लागल्या. (कमी होतं.) पीटीचे सर वाढपाची बादली हातात घेऊन उभे. आणि मोठ्या बाई फळ्यापाशी. त्यांनी बोटानं 'रू'चा दीर्घ उकार पुसला, खडू घेतला, ऱ्हस्व काढला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "गुरू एकटा असला की दीर्घ. पुढं जन आला, समास झाला, की ऱ्हस्व. गुरुजन. तुझ्या नवऱ्यालाही हे कधी जमलं नाही."

"बाई, तुम्ही बसा की!" मी जवळजवळ ओरडलेच. बसलेल्या आवाजात ते फार केविलवाणं निघालं.

शेवटी भाऊ पुढं झाले. खासबागेत कुस्ती पुकारावी तसा आवाज लावला, "जे शिक्षक उठतील, त्यास्नी एक भाकरी जास्त! माफी न्हाई!" तेव्हा सगळे हसले आणि बसले. मावश्यांना दोन आयांनी हाताला धरून आणलं.

पहिली भाकरी आली ती पदरात धरून, कारण हातात धरवत नव्हती. मोठ्या बाईंच्या पानात अर्धी पडली. पापुद्रा फुगलेला, त्यातून वाफ. बाईंनी तो बोटानं फोडला, बोट चटकन मागं घेतलं आणि फुंकर घातली. लोण्याचा गोळा त्यावर ठेवला, तो घसरत वांग्याच्या रश्शात गेला. त्यांनी घास घेतला आणि दाराकडं बघितलं. दारात कुणी नव्हतं. पुन्हा घास घेतला, पुन्हा बघितलं. तिसऱ्या घासाला बघायचं थांबल्या.

चार तव्यांचं गणित बरोबर आलं. चुकलं ते माणसांचं. भाकरी पोचवायला भाऊ एकटेच पळत होते, व्हरांडा चाळीस पावलांचा, आणि मधल्या पायरीवर त्यांचा पाय घसरून एक अख्खी भाकरी अंगणात गेली. ती कावळ्यांनी नेली. मसालेभात खाली लागला, तेवढं खरवडून आम्ही वाढप्यांनी नंतर खाल्लं. खरवड मला आवडते, त्यामुळे माझी तक्रार नाही.

जेवताना बोलणं परीक्षेवर आलं, पण मुलांच्या नाही. १ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला होता. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या, पाच वर्षांपेक्षा जास्त सेवा उरलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हायची, नाहीतर नोकरी जाणार. मोठ्या बाई सुटल्या. पण चव्वेचाळीस वर्षांच्या एक बाई, वीस वर्षं शिकवतायत, त्यांच्या पर्समधून टीईटीचं जाडजूड गाईड डोकावत होतं. बसमध्ये वाचते, म्हणाल्या. घरी मुलगा दहावीला आहे, तो आणि मी एकाच टेबलावर बसतो, आणि तो मला ओरडतो.

जिलेबी झाल्यावर डबे दिले. लहान स्टीलचे डबे, प्रत्येकाच्या नावाचे, आत मुलांच्या चिठ्ठ्या. मोठ्यानं वाचायच्या नाहीत हे आधीच ठरवलं होतं, आणि ते फार बरं झालं. हॉलमध्ये नुसती कागदांची सळसळ. पीटीच्या सरांनी एक वाचली, चष्मा पुसला, ती चिठ्ठी शर्टाच्या खिशात ठेवली आणि बाकीच्या तशाच डब्यात. पोषण आहाराच्या मोठ्या मावशींना वाचता येत नाही. त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला. मी त्यांच्या कानाशी वाचलं, "मावशी मला खिचडीतला बटाटा दोन देतात कारण मी आईला सांगितलं नाही की मला भूक लागते." मावशी म्हणाल्या, "कुठलं पोर हे? नाव हाय का?" नाव नव्हतं. त्या बराच वेळ आठवत बसल्या.

गाईडवाल्या बाईंनी मात्र एक चिठ्ठी स्वतःहून सगळ्यांना दाखवली. सातवीतल्या कुणाची तरी. "बाई तुम्ही पास होणार. पाठांतर करू नका, समजून घ्या." हे वाक्य त्या स्वतः वर्गात रोज म्हणतात म्हणे.

अडीचला सगळे निघाले. भांडी घासायला पाच वाजले, तालमीची अट.

रविवारी ग्रुपवर हिशेब टाकला. जेवणाचा सगळा खर्च ७,०००, डबे १,१४०, किटली १,४५०, पंखा २,६००. एकूण १२,१९०. शिल्लक ९१० रुपये. या पैशांचं काय करायचं, सुचवा.

सोमवारी पंखा बसला. किटली त्याच दिवशी सुरू झाली, आणि शिपाई मामा तरीही सवयीनं रस्ता ओलांडून चहाच्या गाड्यावर जातात, गप्पा मारायला. मोठ्या बाई फाटकाशी भेटल्या. वाटलं, जेवणाबद्दल काही बोलतील. म्हणाल्या, "चिरंजीवाची गृहपाठाची वही दोन दिवस आलेली नाही. उद्या पाठव."

ग्रुपवर ९१० रुपयांबद्दल एकच उत्तर आलं, बावीस जणांनी त्याला अंगठा दाखवला. "मे महिन्यात मोठ्या बाई निवृत्त होतायत. तेव्हा चांगली शाल घेऊया की."

मी अजून काही लिहिलेलं नाही.